रविवारचा अर्धा दिवस, मुलं साडेचार आणि आठ वर्षांची: कोल्हापूरजवळ कुठं न्यावं, कसं न्यावं?

राजारामपुरीची_आई

नमस्कार मंडळी. थोरली मुलगी आठ वर्षांची, धाकटा साडेचारचा. आम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळं हातात येतो तो रविवार, तोही दुपारी दोनपर्यंतच. त्यानंतर आठवड्याची तयारी, गणवेश, डबे, सगळं सुरू होतं. सासूबाई सोबत येतात. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून लांबच्या पायऱ्या नकोत. चारचाकी आहे.

सध्या रविवार म्हणजे मॉल नाहीतर हॉटेल. मुलं तिथल्या यंत्रांवर खेळतात आणि मोठे टेबलावर मोबाइल बघत बसतात. एकत्र जाऊन एकत्र असणं होत नाही, हा खरा प्रश्न आहे. नातेवाईक सांगतात, "पन्हाळा, जोतिबा, कणेरी एका दिवसात उरकून टाका." ते जमेल का? जाण्या-येण्याला तासाभरापेक्षा जास्त लागू नये, धाकटा दमू नये, थोरलीला कंटाळा येऊ नये आणि मोठ्यांनाही त्यांच्याबरोबर काहीतरी करता यावं. ऋतूप्रमाणे सुचवलंत तर फार बरं होईल.

गडवाट

ताई, तीन ठिकाणं एका दिवसात हे आधी डोक्यातून काढा. अर्ध्या दिवसात एकच ठिकाण. गाडीतून उतरा, चपला घाला, बाटली शोधा, परत बसा, यात लहान मुलाची एका थांब्याला वीस मिनिटं जातात. तीन ठिकाणं केली की मुलांना आठवतो तो फक्त गाडीतला वेळ.

जोतिबाला रविवारी जाऊच नका. रविवार हा देवाचाच वार, वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, गर्दी असते, वाहनतळापासून रांगेपर्यंत सकाळ संपते. आधेमधे सुट्टी असेल तेव्हा जा. चैत्र यात्रेच्या दिवसांत लहान मुलं घेऊन तर नकोच.

पन्हाळा जमण्यासारखा आहे. शहरापासून साधारण वीस किलोमीटर. साडेसहाला निघालात तर सव्वासातच्या आसपास वर असाल. साडेनवानंतर गाड्यांची रीघ लागते आणि अरुंद रस्त्यावर कोंडी होते, म्हणून लवकर. वर गेल्यावर सगळा गड बघायचा हट्ट धरू नका. दोनच जागा घ्या.

पहिली अंबरखाना. बालेकिल्ल्यातली ही धान्याची कोठारं: गंगा, यमुना, सरस्वती. आठ वर्षांच्या मुलीला इथं आणण्याआधी गाडीत एकच प्रश्न टाका. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला, तो मार्चपासून जुलैपर्यंत चालला, महाराज आत होते. मग एवढे दिवस आतली माणसं खात काय होती? उत्तर तिला गंगा कोठीत गेल्यावर सापडतं. छताला चौकोनी भोकं आहेत, तिथून धान्य आत सोडायचे. बाहेरून जिना आहे, पण वर कठडा नाही आणि पावसात दगड निसरडा होतो, म्हणून धाकट्याला वर नेऊ नका. त्याला आत राहू द्या. टाळी वाजवली की आवाज घुमतो, तेवढ्यावर तो दहा मिनिटं रमेल.

दुसरी तीन दरवाजा आणि त्याच्या शेजारची अंधार बाव. सासूबाईंना तीन दरवाजाच्या सावलीत बसवा, गाडी जवळ जाते. अंधार बाव म्हणजे विहिरीवरच बांधलेली तीन मजली वास्तू. शत्रूला पाण्यापर्यंत पोचता येऊ नये, विष टाकता येऊ नये म्हणून पाणी असं झाकून घेतलं. वेढ्यात धान्य कुठं होतं हे बघून झालं की पाणी कुठं होतं हा पुढचा दुवा मुलीचा तिलाच लागतो. आत अंधार आणि उतरत्या पायऱ्या आहेत. हातात धरायचा टॉर्च न्या, मोबाइलचा उजेड नको. मोबाइल हातात आला की फोटो सुरू होतात आणि मुलाचा हात सुटतो.

वेळ उरला तर सज्जा कोठी. मात्र तिथं दरीच्या बाजूला मुलाचं मनगट धरायचं, बोटं नाही. बोटं मूल सहज सोडवून घेतं. पुसाटी बुरुजावर वारा जोराचा असतो, साडेचार वर्षांच्या मुलाला तिथं नेण्याची गरज नाही.

आणखी एक महत्त्वाचं. तटाच्या आणि झाडांच्या कडेला आग्या माशांची पोळी असतात. अत्तर, धूर, दगड मारणं आणि जोरजोरात ओरडणं यानं त्या उठतात. उठल्याच तर हात हलवत उभं न राहता मुलाचं तोंड कपड्यानं झाकून गाडीकडं किंवा बंद खोलीकडं पळायचं. जमिनीवर आडवं पडायचं नाही.

साडेदहाला गड सोडा. झुणका-भाकरी वरच खायची असेल तर दहाला बसा, नंतर जागा मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दाट धुकं असतं, समोरची गाडी दिसत नाही आणि रस्ता खचण्याचे प्रकार होतात. २०२१ च्या जुलैत घाटरस्ता खचून वाहतूक बंद पडली होती. मुलं घेऊन जायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

चुलवाण

थंडी सुरू होतेय म्हणून माझं मत गुऱ्हाळाला. पन्हाळा बाराही महिने जाग्यावर आहे, गुऱ्हाळ फक्त हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. आणि दरवर्षी गुऱ्हाळघरं कमी होत चालली आहेत. मजूर मिळत नाहीत, ऊस कारखान्याला जातो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी गावातलं चुलवाण, म्हणजे गुळाची भट्टी, विझत चाललंय. आत्ताच्या पोरांनी हे बघून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांत चौकशी करा. ओळखीतला शेतकरी किंवा दूध घालणारा गवळी नक्की कुठलं चालू आहे ते सांगेल. आदल्या संध्याकाळी फोन करूनच जायचं. ऊसतोड थांबली, घाण्याचा पट्टा तुटला, मजूर आले नाहीत, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ बंद. पाऊस पडून गेला असेल तर चिपाडं (रस काढून उरलेला उसाचा चोथा) ओली, जाळ लागत नाही, मग कामच होत नाही.

काम पहाटे सुरू होतं. एका आधणाला, म्हणजे एका काहिलीभर रसाचा गूळ व्हायला, अडीच ते तीन तास लागतात, त्यामुळं आठच्या सुमाराला पोचलात तर पहिलं आधण उतरताना आणि दुसरं चढताना, दोन्ही बघायला मिळतं. मुलांना क्रमानं दाखवा. घाण्यात ऊस जातो, एका बाजूला रस, दुसऱ्या बाजूला चिपाड. चिपाड वाळवून तेच चुलवाणात घालतात, म्हणजे उसाचा रस उसाच्याच जाळावर आटतो. रस गाळून मोठ्या काहिलीत येतो. तापायला लागला की वर काळपट मळी येते. ती धरून वर आणण्यासाठी भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालतात. मळी झाऱ्यानं काढून टाकली की रस स्वच्छ सोनेरी दिसायला लागतो. हा बदल पोरं डोळ्यांनी बघतात, समजावून सांगावं लागत नाही.

पुढं रस आटत जातो, फेस बारीक होतो. १०५-१०६ अंशाच्या आसपास काकवी काढतात. ११६ ते ११८ अंशाला गूळ होतो. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, बहुतेक वेळा थर्मामीटर बघतच नाही. थोडा पाक थंड पाण्यात टाकतो, गोळी वळते का, टणक वाजते का ते बघतो. त्याला आदरानं विचारलं तर थोरलीला एक गोळी हातात देईल, तिला ती वळून बघू द्या. पाक दोन-तीन अंश पुढं गेला तर गूळ करपट आणि काळा होतो, मागं राहिला तर गूळ घट्ट बसत नाही, पाझरतो. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत गुळव्याशी कुणी बोलायचं नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, ती अगदी शहाण्यासारखी गप्प राहतात. मग काहील उतरवून पाक वाफ्यात, म्हणजे जमिनीतल्या उथळ हौदात, ओततात, फावड्यानं घोटतात, आणि कोमट असताना फडकं घातलेल्या साच्यात किंवा बादलीत भरतात. पूर्वी तीस किलोचे रवे, म्हणजे मोठ्या ढेपा, आता एक किलो, अर्धा किलोच्या ढेपाही.

आता सावधगिरी. काहील उतरवताना आणि ओतताना मुलं किमान पंधरा फूट लांब, मोठ्यांच्या मागं. पाक उडाला की कातडीला चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही, म्हणून भाजणं खोल होतं. काही झालंच तर साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, चिकटलेला गूळ ओढून काढायचा नाही, बर्फ नको, टूथपेस्ट नको, थेट दवाखाना. घाण्याजवळ ओढणी, स्कार्फ, सैल बाह्या नकोत. मुलांना सुती पूर्ण पायजमा आणि बूट घाला, सॅंडल नको. सासूबाईंना खुर्ची सहज मिळेल. त्यांना जुन्या गुऱ्हाळाचं बोलू द्या, नातवंडं ऐकतात.

रस पिताना लिंबू-आलं घालून अर्धा पेला पुरे, उपाशीपोटी जास्त झाला तर परतीच्या वाटेवर उलटी ठरलेली. बरोबर भाजलेले शेंगदाणे न्या, गरम गुळाबरोबर सगळ्यात छान लागतात, फक्त धाकट्याला शेंगदाणे भरडून किंवा कुटून द्या, अख्खे घशात अडकतात. गूळ विकत घेताना फार पिवळाधमक बघू नका. तो रंग बहुधा हायड्रॉस या रसायनाच्या पावडरीनं येतो. तपकिरी, थोडा मऊ गूळ घ्या. फुकट खाऊन उठायचं नाही, दोन-चार किलो घ्यायचाच. आणि फोटो काढण्याआधी विचारा, माणसं कामात असतात.

राजारामपुरीची_आई

गुऱ्हाळ तर नक्की ठरलं. एक विचारते, तिथं आणि पन्हाळ्याला जाताना धाकट्याला वळणाच्या रस्त्यावर मळमळतं. आणि दुसरं, मोबाइल बाजूला ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? घरी ठेवून जाणं जमत नाही, आणीबाणीला लागतो.

बालवाडी_ताई

मळमळीचं आधी. रिकाम्या पोटी निघायचं नाही आणि पोट भरूनही नाही. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास आधी एक पोळी किंवा दोन इडल्या. दूध, तळलेलं, गोड टाळा. गाडीत मोबाइल आणि पुस्तक दोन्ही बंद, कारण डोळे खाली आणि शरीर वळणावर, यातूनच मळमळ होते. मागच्या सीटवर त्याची बैठक मधे अशी करा की समोरचा रस्ता दिसेल. खिडकी थोडी उघडी. औषध हवंच असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना वजन सांगून विचारा, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

मोबाइल: एकाच मोठ्याकडं, आवाज चालू, पिशवीत. बाकीच्यांचे गाडीच्या कप्प्यात. फोटोसाठी एक वेळ ठरवा, निघण्याआधीची पाच मिनिटं. हे मुलांना निघण्याआधी मोठ्यानं सांगायचं, म्हणजे ती तुमच्यावर लक्ष ठेवतात आणि तुम्हीही पाळता.

आता गडवाट दादांच्या सूचनेला माझी एक पुरवणी आहे, थोडी उलटीसुद्धा. थोरलीला वेढ्याचा प्रश्न फार चांगला. साडेचार वर्षांच्या मुलाला वेढा, साल, शत्रू यातलं काही पोचत नाही. त्याला हाताला काम द्या. पाण्याची छोटी बाटली त्याच्या पाठीवर. "तू टॉर्चवाला." "आजीची काठी तुझ्याकडं." अंबरखान्यात "भोकं किती ते मोज", चुकीचं मोजलं तरी दुरुस्त करू नका. कामाचं मूल "घरी कधी जायचं" विचारत नाही.

आणि थोरलीच्या बाबतीत एक काळजी घ्या. घरी आल्यावर निबंध, परीक्षा, "काय काय बघितलंस सांग बघू" हे टाळा. सहल म्हणजे शाळेचा आठवा तास झाला की पुढच्या रविवारी ती यायला नको म्हणते. तिनं आपणहून विचारलं तर भरभरून बोला. तुम्हाला उत्तर येत नसेल तर "आपण गुळव्यालाच विचारू" म्हणा आणि खरोखर विचारा. मोठं माणूस अनोळखी माणसाला नम्रपणे प्रश्न विचारतंय, हे बघणं मुलांसाठी फार मोलाचं आहे.

वेळेचा हिशेब: साडेचार वर्षांचं मूल सलग चालणं वीस-पंचवीस मिनिटं, मग बसणं. दर तासाला पाणी, एका मुलाला अर्ध्या दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर. खाऊ घरचा: चपातीचा गूळ-तूप लावून रोल, केळी, राजगिऱ्याचा लाडू. चिवडा नको, तहान लागते आणि सांडतो. शू-शीची सोय निघण्याआधी आणि पोचल्या-पोचल्या, "लागली की सांग" यावर विसंबू नका. कपड्यांचा एक जोड, दोन प्लास्टिकच्या पिशव्या, जुना पंचा. एवढं असलं की बहुतेक अडचणी सुटतात.

सहल मोडते ती सहसा शेवटच्या अर्ध्या तासात. मोठ्यांना वाटतं आलोच आहोत तर तेही बघून जाऊ. मूल त्याआधी चिडचिड करायला लागतं, डोळे चोळतं, उचलून घे म्हणतं. ही खूण दिसली की निघायचं. छान चालू असताना निघालं तर मूल पुन्हा यायचं म्हणतं.

पंचगंगाकाठ

गाडी न काढता शहरातच खूप आहे, त्याकडं कुणी बघत नाही म्हणून लिहितो.

रंकाळा संध्याकाळी सगळे जातात, भेळ खातात, गर्दीत पोरांना हाताला धरून फिरतात. सकाळी साडेसहा-सातला जा. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले, बगळे, खंड्या, वर घारी. पाणकावळा पंख का पसरतो? त्याचे पंख बदकासारखे पाणी झटकत नाहीत, भिजतात, म्हणून उन्हात वाळवावे लागतात. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी काठावरून दिसतात. पक्ष्यांना पाव, फरसाण घालू नका. कळंबा तलावही तसाच, गर्दी कमी. कठड्यावर मुलांना चढवून फोटो काढण्याचा मोह मात्र टाळा.

गंगावेशीचा दूध कट्टा. म्हशी तिथंच आणून समोर धार काढतात. शहरातल्या मुलांना दूध पिशवीतून येतं एवढंच माहीत असतं, त्यांच्यासाठी हे पंधरा मिनिटांचं ठिकाण मोठं आहे. मोठी माणसं फेसाळ दूध तिथंच पितात, मुलांना मात्र कच्चं देऊ नका. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षयासारखे आजार येतात. किटली न्या, घरी उकळून द्या. म्हशीच्या मागच्या बाजूनं मुलांना फिरू देऊ नका.

तिथून तालीम जवळ आहे. कुस्तीचा सराव बघायचा तर आदल्या दिवशी वस्तादांची परवानगी घ्या, आठवड्याचा सुट्टीचा वार प्रत्येक तालमीचा वेगळा असतो. पहाटे आणि दुपारी चारनंतर सराव असतो. चपला बाहेर, हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, पाय टाकायचा नाही, मल्लांच्या अंगाखांद्यावर मुलांना चढवायचं नाही. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळतात. माती मऊ राहते आणि खरचटलं तर जखम चिघळू नये हा हेतू. मुलांना लांबूनच त्या मातीचा वास घेऊ द्या. परत येताना खासबाग मैदान दाखवा. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं, मधे खोल हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. सगळ्यात मागं बसलेल्यालाही कुस्ती दिसावी म्हणून असं बांधलं. मोकळं असेल तर मुलीला सगळ्यात वरच्या रांगेत आणि मुलाला खाली उभं करून एकमेकांना हाका मारू द्या.

उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर जागा हवी तर टाऊन हॉलचं संग्रहालय. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती इथली. समुद्रापलीकडचा देव पंचगंगेच्या काठी कसा आला, हा प्रश्न थोरलीला घाला. सोमवारी बंद असतं, रविवारी चालू. तासभर पुरे, मग बागेत. नवा राजवाडा थोरलीला आवडेल. धाकटा मात्र पेंढा भरलेले वाघ, बिबटे बघून कदाचित घाबरेल, आधी सांगून न्या की हे खरे आहेत पण जिवंत नाहीत.

पावसाळ्याचं वेगळं लिहितो, कारण इथं चूक जिवावर बेतते. पुराचं पाणी बघायला जाणं ही कोल्हापूरची जुनी सवय आहे आणि ती मोडा असं मी म्हणणार नाही. मुलांना नदी कळायची तर ती पावसाळ्यात दिसली पाहिजे. फक्त रीत बदला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज जाहीर होते, फूट आणि इंचात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. जुलै लागला की घरात भिंतीवर एक कागद चिकटवा, उभी रेघ फुटांची, आडवी दिवसांची. रोज संध्याकाळी थोरलीनं बिंदू टाकायचा. ३९ आणि ४३ ला दोन रंगीत रेघा. राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांची बातमी आली की कागदावर खूण करायची, मग बंधाऱ्याची पातळी किती तासांनी बदलते ते तिचं तिलाच दिसतं. पाणी ३९ च्या खाली असताना एकदा जाऊन लांबून, उंच जागेवरून बघून या. ३९ झालं की मुलं घेऊन काठावर जायचं नाही. घाटाच्या पायऱ्यांवर तर पावसाळाभर नाही, शेवाळ असतं आणि पाण्याखाली पायरी कुठं संपते ते दिसत नाही.

धबधब्यांना साडेचार वर्षांचं मूल नेऊ नका हे माझं स्पष्ट मत. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असताना लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज वाढला की क्षणभरही थांबायचं नाही.

गडवाट

बालवाडी ताईंचं बरोबर आहे, धाकट्यासाठी काम हवंच. अंधार बावीत तोच टॉर्चवाला. फक्त पायऱ्यांवर तो पुढं नको. एक मोठा पुढं, मग मुलगा, मग दुसरा मोठा.

शिरोळकर

कधी पूर्ण दिवस मिळाला तर आमच्याकडं या. खिद्रापूर साधारण साठ किलोमीटर, वाटेत नरसोबाची वाडी.

आधी खिद्रापूर, नंतर वाडी. उलट केलं तर खिद्रापूरला भर दुपारी पोचता आणि अनवाणी दगडावर पाय भाजतात. नऊला पोचा. मुलांना मोजे चालतात, बरोबर ठेवा. तिथल्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, वर छताला गोल मोकळी जागा आणि खाली तेवढीच गोल शिळा. थोरलीला एकाच खांबात चौकोनी, अष्टकोनी, गोल असे टप्पे कुठं बदलतात ते बोट फिरवून शोधू द्या. इथं शिवमंदिर असून नंदी नाही, ते तिच्या लक्षात येतंय का बघा, आपण सांगायचं नाही. धाकट्याला बाहेरचे हत्ती. भोवती फिरत मोजायला लागला की आजी त्याच्याबरोबर सपाटीवरूनच फिरू शकतात. कोरीव कामावर चढवू मात्र नका. तेलकट हातसुद्धा नको, दगड काळा पडतो.

वाडीला साडेअकरापर्यंत. कृष्णा आणि पंचगंगा मिळतात ती जागा घाटावरून दिसते. पंचगंगाकाठ दादांच्या कागदावरचं पाणी शेवटी इथं येतं, तेवढं मुलीला दाखवा. घाटावर आजींना वरच्याच पायरीवर बसवा, खाली निसरडं आहे. मुलांना पाण्यात उतरवायचं नाही, काठापासून दोन पावलांवर खोली आहे. बासुंदी दुपारच्या जेवणानंतर, गाडीत बसण्याआधी नाही. पेढे घरी न्या.

पावसाळ्यात पाणी देवळात शिरतं आणि रस्ते बंद होतात, म्हणून जुलै ते सप्टेंबर टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं.

राजारामपुरीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवलंय: या महिन्यात एक रविवार गुऱ्हाळ, एक रविवार सकाळी रंकाळा आणि दूध कट्टा, डिसेंबरात पन्हाळा. मधला एखादा रविवार कुठंच नाही. वाडी-खिद्रापूर नाताळच्या सुट्टीत. सासूबाईंना कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय बघायचंय, ते कधी बसवू?

चुलवाण

कणेरी गुऱ्हाळानंतर बसवा, आधी नको. तिथं बारा बलुतेदार, पेरणी, मळणी, घाणा हे सगळं पुतळ्यांतून उभं केलंय, हुबेहूब आहे. पण मुलांनी चालू गुऱ्हाळ आधी बघितलं असेल तर पुतळ्यापुढं ती स्वतः सांगतात की हा काय करतोय. सासूबाईंनी प्रत्येक देखाव्यापाशी एक वस्तू ओळखायला सांगायची, नाव त्यांनी शेवटी सांगायचं: मोट, पाभर, जातं, उखळ. शहरापासून बारा-तेरा किलोमीटर, हायवेनंच जायचं. देखावे उघड्यावर आहेत, चालणं बरंच आहे आणि सावली कमी, म्हणून उघडल्या-उघडल्या आत शिरा. आजींसाठी घडीची छोटी खुर्ची न्या आणि सगळं बघायचं असं ठरवून जाऊ नका, निम्मं पुढच्या वेळी.

शिरोळकर

ताई, नाताळच्या सुट्टीत वाडीला जाताना पंचांग बघून घ्या. पौर्णिमा, गुरुवार किंवा दत्तजयंती त्यात आली तर गाडी गावाबाहेर लावावी लागेल आणि आजींना बरंच चालावं लागेल. मंगळवार, बुधवार मिळाला तर सगळ्यात मोकळं.